टाके पोटाला, लगाम जिभेला

मी चौतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. त्यामुळे कुठलीही गोष्ट सांगायची म्हटली की मला आधी एखादा राजा आठवतो. आजही तसंच होणार आहे.

दहाव्या शतकात, आजच्या स्पेनच्या उत्तर भागात लिऑन नावाचं राज्य होतं. तिथला राजा पहिला सांचो इतका स्थूल होता की इतिहासात त्याची ओळखच 'लठ्ठ सांचो' अशी राहिली. ज्याला घोड्यावर बसता येत नाही तो राजा कसला, म्हणून सरदारांनी ९५८ मध्ये त्याला गादीवरून खाली ओढलं. त्याची आजी, नव्हारची राणी तोडा, मोठी खमकी बाई. तिनं थेट कॉर्डोबाच्या मुस्लिम खलिफाकडे शब्द टाकला. खलिफाच्या दरबारातला ज्यू वैद्य हसदाई इब्न शाप्रूत यानं सांचोवर उपचार केले. राजा बारीक झाला आणि खलिफाच्या सैन्याच्या मदतीनं ९६० च्या सुमारास पुन्हा गादीवर बसला.

या उपचारांबद्दल एक दंतकथा आहे. वैद्यानं म्हणे राजाचे ओठ शिवून टाकले आणि त्याला फक्त नळीनं पातळ पदार्थ दिले. त्या काळाला जवळच्या बखरीत उल्लेख आहे तो वनस्पतीच्या औषधाचा, ओठांचा नाही. तरीही लठ्ठपणावरच्या शस्त्रक्रियेचा इतिहास सांगणारे सर्जन ही गोष्ट आवडीनं सांगतात. मला मात्र ती ऐकल्यावर एकच प्रश्न पडला. टाके उसवल्यावर राजानं काय खाल्लं असेल?

हा प्रश्न मला पडायला कारण आहे. २०११ मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, माझी गॅस्ट्रिक बायपास शस्त्रक्रिया झाली. वजन ११८ किलो होतं, मधुमेह होता आणि शाळेचा जिना चढताना मध्येच थांबावं लागत होतं. दीड वर्षात वजन ७८ किलोवर आलं. लोक रस्त्यात थांबवून कौतुक करायचे. चौथ्या वर्षी काटा ८९ वर गेला. तेच लोक आता रस्त्यात भेटले की माझ्याकडे बघून काही बोलत नसत. मी तपासणीला जायचं सोडलं. डॉक्टरांना तोंड कसं दाखवायचं? एवढं ऑपरेशन करूनही हिला जमलं नाही, असंच ते म्हणतील, हे मी स्वतःच ठरवून टाकलं होतं. शाळेतून निवृत्त झाल्यावर, जुन्या सवयीप्रमाणे, मी या शस्त्रक्रियेचा इतिहास वाचायला घेतला. माझी गोष्ट माझ्या जन्माच्या आसपासच अमेरिकेत सुरू झाली होती, हे मला तिथे समजलं.

पण त्याच्याही थोडं मागे जाऊ. जठराचा भाग कापून काढूनही माणूस जगू शकतो हे व्हिएन्नाच्या थिओडोर बिलरोथ यांनी २९ जानेवारी १८८१ रोजी दाखवून दिलं. ती शस्त्रक्रिया कर्करोगासाठी होती. रोगी स्त्री पुढे चारेक महिनेच जगली, पण वाट खुली झाली. १८९७ मध्ये झुरिकच्या कार्ल श्लाटर यांनी एका छप्पन्न वर्षांच्या बाईचं संपूर्ण जठर काढलं. ती वर्षाहून जास्त जगली. जठरच नसलेली बाई जेवणार कशी, याचं त्या काळी डॉक्टरांना मोठं नवल वाटलं होतं. उत्तर साधं होतं. ती थोडं थोडं खायची आणि दिवसातून बऱ्याच वेळा खायची. आज ऑपरेशननंतर आहारतज्ज्ञ जो पहिला नियम सांगतात, तो इतका जुना आहे.

पुढे अल्सरसाठी अशा शस्त्रक्रिया सर्रास होऊ लागल्या आणि आणखी एक गोष्ट लक्षात आली. जठराच्या तोंडाशी एक झडप असते. ती अन्न बेताबेतानं आतड्यात सोडते. ही झडप काढली किंवा टाळली, की गोड पदार्थ एकदम आतड्यात जाऊन पडतो. आतडं तो पातळ करण्यासाठी शरीरातलं पाणी ओढून घेतं. छातीत धडधड होते, घाम फुटतो, पोटात कळ येते, डोळ्यांपुढे अंधारी येते. याला 'डंपिंग' म्हणतात. अल्सरच्या रोग्यांना तो त्रास होता. पुढे तो लठ्ठ माणसाच्या कसा कामी आला, ते ओघात सांगतेच.

वजन कमी करण्यासाठी म्हणून शस्त्रक्रिया सुरू झाली ती १९५० च्या दशकात. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातले क्रेमेन, लिनर आणि त्यांचे सहकारी यांनी १९५४ मध्ये लहान आतड्याचा मोठा भाग वगळण्याची कल्पना मांडली. १९६० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या पेन आणि डीविंड या सर्जननी ती पुढे नेली. सुमारे वीस फुटांच्या लहान आतड्यापैकी सुरुवातीचे चौदा इंच आणि शेवटचे चार इंच एकमेकांना जोडायचे. बाकीचं आतडं अन्नाच्या वाटेतून बाद. खाल्लेलं अंगी लागायला जागाच उरत नाही, म्हणून वजन उतरतं.

यातला मोह लक्षात घ्या. हवं ते खा, हवं तेवढं खा, जिभेला काही सांगायची गरज नाही. शरीर परस्पर हिशेब करेल! पण शरीरानं हिशेब भलताच केला. सततचे जुलाब, मूत्रपिंडात खडे, जीवनसत्त्वांची कमतरता. काहींचं यकृत निकामी झालं, काही दगावले. कित्येकांची जोडणी पुन्हा ऑपरेशन करून सोडवावी लागली. १९८० च्या सुमारास ही पद्धत जवळजवळ बंद झाली. सवयीला हात न लावता वजन उतरवण्याचा हा सगळ्यात मोठा प्रयोग होता, आणि त्याची किंमत रोग्यांनी मोजली.

दरम्यान आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन नावाचे सर्जन वेगळा विचार करत होते. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेले रोगी पुढे सहसा जाड होत नाहीत, हे त्यांच्या नजरेत भरलं होतं. १९६६ मध्ये त्यांनी चिकाशी इटो यांच्यासह पहिली गॅस्ट्रिक बायपास केली. जठराच्या वरच्या टोकाला एक छोटी पिशवी करायची आणि ती थेट लहान आतड्याला जोडायची. उरलेलं जठर जागच्या जागी राहतं, फक्त अन्न तिकडे जात नाही. माझी पिशवी अंड्याएवढी असेल, असं मला डॉक्टरांनी सांगितलं होतं. मेसन यांना या शस्त्रक्रियेचे जनक मानतात. त्यांना शंभर वर्षांचं आयुष्य लाभलं. २०२० मध्ये ते गेले.

याच मेसन यांनी १९८० मध्ये एक सोपी पद्धत काढली. आतड्याला हातच लावायचा नाही. जठरात टाचण्या मारून छोटी कप्पी करायची आणि तिच्या तोंडाला पट्टा बांधायचा, म्हणजे ते तोंड सैल होणार नाही. पद्धत सुटसुटीत होती, म्हणून ती झपाट्यानं पसरली. आणि इथे सर्जनना जिभेची ताकद कळली. मांसाचा तुकडा, पाव, कच्ची भाजी पट्ट्यापाशी अडकायची, उलटी व्हायची. आइस्क्रीम, मिल्कशेक, चॉकलेट मात्र अलगद सरकून जायचं. जे खायला हवं ते खाल्लं की त्रास आणि जे टाळायला हवं ते खाल्लं की सुख! रोग्यांनी फसवाफसवी केली नव्हती. जे सहज उतरत होतं ते त्यांनी खाल्लं, इतकंच.

व्हर्जिनियातल्या हार्वी शुगरमन यांनी १९८७ मध्ये यावर एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला. गोड खाण्याची ओढ असलेल्यांचं वजन पट्ट्याच्या पद्धतीनं फारसं उतरत नव्हतं, बायपासनं मात्र चांगलं उतरत होतं. कारण बायपासमध्ये गोड खाल्लं की ते मघाचं डंपिंग व्हायचं. अल्सरवाल्यांची पीडा इथे पहारेकरी झाली. पण हा पहारेकरी सगळ्यांच्या दाराशी उभा राहत नाही आणि काही काळानं बऱ्याच जणांच्या दारात तो पेंगायलाही लागतो.

माझ्याही पेंगू लागला. पहिल्या वर्षी अर्धा पेढा खाल्ला तर मला आडवं पडावं लागायचं. तिसऱ्या वर्षी काहीच झालं नाही. मी ताटावर बसून कधीच जास्त जेवले नाही. एक फुलका आणि वाटीभर उसळ, की पोट भरायचं. पण दुपारी वह्या तपासताना शेजारी चकलीचा डबा असायचा. चकली चावून तिचा भुगा होतो आणि तो पिशवीत टिकत नाही. बरोबर गोड चहा, म्हणजे तो आणखी लवकर खाली. तासाभरानं पुन्हा एक चकली. आयोवाच्या रोग्यांच्या हातात मिल्कशेक होता, माझ्या हातात चकली. जित्याची खोड म्हणतात ती हीच.

मग सगळा दोष खोडीचाच का? इथे इतिहास मला थोडा दिलासा देतो. १९९९ मध्ये जपानच्या कोजिमा आणि कांगावा यांनी 'घ्रेलिन' हे भूक लावणारं संप्रेरक शोधलं. ते मुख्यतः जठरात तयार होतं. २००२ मध्ये सिएटलच्या डेव्हिड कमिंग्ज यांनी दाखवलं, की नुसत्या पथ्यानं वजन उतरवलं तर हे संप्रेरक वाढतं, म्हणजे शरीर आणखी जोरात भूक मागतं. बायपास झालेल्यांत मात्र ते खूप कमी आढळलं. नंतरच्या सगळ्या अभ्यासांत आकडे असेच आले नाहीत. पण भूक ही केवळ मनाची चंचलता नाही, हे पक्कं झालं. बायपासनंतर जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-१ नावाचं तृप्तीचं संप्रेरक जास्त सुटतं. २०२५ पासून आपल्याकडेही मिळू लागलेली वजन कमी करण्याची इंजेक्शनं याच संप्रेरकाची नक्कल करतात. आणि तीही थांबवली की बहुतेकांचं वजन परत चढू लागतं.

माझ्या मनावरचं ओझं खरं उतरवलं ते स्वीडनच्या एका अभ्यासानं. १९८७ मध्ये तिथे शस्त्रक्रिया झालेल्या आणि न झालेल्या, प्रत्येकी दोन हजारांवर लोकांची वर्षानुवर्षं नोंद ठेवायला सुरुवात झाली. २००७ मध्ये त्याचे आकडे प्रसिद्ध झाले. बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरलं होतं. दहा वर्षांनी ही घट २५ टक्क्यांवर आली होती. पट्ट्याच्या पद्धतीत ती २५ वरून १६ टक्क्यांवर आली. शस्त्रक्रिया न झालेल्यांच्या वजनात मात्र एवढ्या वर्षांत फारसा फरकच पडला नव्हता. शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूचं प्रमाणही कमी होतं.

मी तो आलेख बराच वेळ बघत बसले. रेघ खोल खाली जाते, मग थोडी वर चढते आणि तिथे टिकते. म्हणजे थोडं वजन परत येणं हा माझा एकटीचा गुन्हा नव्हता. तो या वाटेवरचा ठरलेला चढ होता. तो मला आधी कुणी नीट सांगितला नव्हता, किंवा सांगितला असेल तर कौतुकाच्या दिवसांत मी तो ऐकला नव्हता. पण १९९१ च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं बोलावलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेनं ते लिहून ठेवलं होतं. या रोग्यांवर आयुष्यभर वैद्यकीय देखरेख हवी. मी मात्र नेमकी गरज होती तेव्हाच देखरेखीकडे पाठ फिरवली होती.

मी परत गेले. डॉक्टर रागावले नाहीत. आहारतज्ज्ञ बाईंनी एवढंच विचारलं, "दुपारी चार वाजता तुमच्या हातात काय असतं?" चकलीचा डबा उंच फळीवर गेला आणि चार वाजता वाटीभर मटकी किंवा पनीर आलं. आधी प्रथिनं, मग भाजी, मग जागा उरली तर फुलका. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्ध्या तासानं. घास बारीक चावायचा. बी-१२, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या जन्मभर. हे सगळं मला पहिल्या महिन्यातच शिकवलं होतं. तेव्हा ते पथ्य वाटलं होतं, चार दिवसांचं. आता ती राहणी आहे. (प्रत्येकाचं प्रमाण वेगळं असतं, ते ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनीच ठरवावं.) आज माझं वजन ८३ आहे. ७८ पुन्हा दिसलं नाही आणि त्याची हुरहुर आता वाटत नाही. जिना मी न थांबता चढते.

शेवटी दोन शब्द घरच्यांसाठी. आपल्याकडे प्रेमाची भाषा आग्रहाची असते. "माझी शपथ आहे, एक तरी जिलबी घ्या," असं माझ्या जाऊबाई प्रत्येक पंगतीत म्हणायच्या. वजन वाढल्यावर त्याच माझ्या ताटाकडे रोखून बघायला लागल्या. दोन्हीनं घास नीट उतरत नाही. एक दिवस मी त्यांना सांचोची गोष्ट सांगितली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे ओठ उसवल्यावर राजाला पहिला आग्रह आजीनंच केला असेल!" आता पंगतीत त्या माझ्या पानात जिलबी वाढत नाहीत. मठ्ठ्याची वाटी ठेवतात, आणि पुन्हा पानाकडे बघत नाहीत.



(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)