ओझरचे मंदिर आणि चुन्याची दरज

कुकडीकाठच्या ओझर येथील श्रीविघ्नेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार १७३९ च्या वसई विजयानंतर चिमाजी आप्पांनी केला, अशी परंपरा आहे. पेशवेकाळी दगडी बांधकामासाठी चुना, वाळू घाणीत मळून त्यात गुळाचे पाणी व हिरड्याचा काढा मिसळीत. हिरडा तर जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांचीच देणगी! असा चुना हवेतील कर्बवायू शोषून सावकाश कठीण होतो आणि भिंतीतील ओल बाहेर जाऊ देतो. १८२४ साली पेटंट झालेले पोर्टलंड सिमेंट पाण्याशी संयोग पावून २८ दिवसांत बहुतेक बळ धरते. काँक्रीटच्या स्लॅबला तेच हवे. परंतु जीर्णोद्धाराच्या उत्साहात जुन्या भिंतीच्या दरजा सिमेंटने लिंपल्या जातात, तेव्हा ओल आत कोंडते, पृष्ठभागी क्षार फुटतात आणि आतला जुना चुना भुसभुशीत होतो.