माटुंग्याचा गॅस

गोबरगॅस म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? गावाकडचा गोठा, शेणाचा काला आणि त्यावर तरंगणारी लोखंडी टाकी. पण मंडळी, भारतातल्या बायोगॅसची गोष्ट सुरू होते चक्क मुंबईत. आणि तीही शेणापासून नाही, माणसांच्या मैल्यापासून!

नेटवर शोधलंत तर एक माहिती शंभर ठिकाणी सापडेल. जगातला पहिला बायोगॅस प्लांट म्हणे १८५९ साली मुंबईतल्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत उभा राहिला. वाचून छाती फुगते. पण जरा डीबग करून बघू. माटुंग्याचं कुष्ठरोग्यांचं असायलम सुरू झालं १८९० मध्ये. मग त्याच्या एकतीस वर्षं आधी तिथे प्लांट कसा? दुसरं म्हणजे, इंग्लंडमध्ये एक्सेटरला डोनाल्ड कॅमेरॉनने सेप्टिक टँक बांधून त्यातल्या वायूवर दिवे लावले ते १८९५-९६ च्या सुमारास. माटुंग्यासाठी दुसरं जे साल दिलं जातं, १८९७, ते या क्रमात बरोब्बर बसतं. १८५९ म्हणजे कॉपी-पेस्टमधून पसरलेला बग, दुसरं काय!

हे असायलम उभारण्यात पुढाकार होता म्युनिसिपल कमिशनर ॲकवर्थसाहेबांचा. (हेच ते ॲकवर्थ, ज्यांनी शंकर तुकाराम शाळिग्रामांबरोबर जुने मराठी पोवाडे गोळा करून १८९१ साली छापले. वडाळ्याच्या कुष्ठरोग रुग्णालयाला आजही त्यांचंच नाव आहे.) रस्त्यावर भीक मागणाऱ्या, बेघर कुष्ठरोग्यांना तिथे ठेवलं जाई. आता एवढ्या लोकांच्या मैल्याचं करायचं काय? तो बंद टाकीत सोडला. आत हवा नाही. जिवाणू आधी त्यातले मोठे रेणू फोडतात, मग त्यांची आम्लं बनतात आणि शेवटी दुसरे सूक्ष्मजीव त्यातून मिथेन तयार करतात. हा मिथेन जळतो. माटुंग्याला त्यावर दिवे लागले, आणि १९०७ मध्ये इंजिन चालवल्याचीही नोंद आहे.

इथे एक गोष्ट मला खटकते. असा प्लांट चालायला रोज, एकाच जागी, ठरलेला कच्चा माल लागतो. माटुंग्याला तो का मिळत होता? कारण समाजाला नकोशी झालेली माणसं तिथे एकत्र ठेवलेली होती. १८९८ साली तर त्यांना असं वेगळं ठेवण्याचा कायदाच झाला. आपण 'जगात पहिले' म्हणून कॉलर ताठ करतो, पण त्या दिव्यांच्या उजेडात राहणाऱ्यांपैकी एकाचंही नाव या गोष्टीत येत नाही.

पुढे गाडी शेणाकडे वळली. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत १९३९ च्या सुमारास एस. व्ही. देसाईंनी शेणावर प्रयोग केले. पन्नासच्या दशकात जशभाई पटेलांनी तरंगत्या टाकीचं 'ग्रामलक्ष्मी' मॉडेल आणलं आणि साठच्या दशकात खादी ग्रामोद्योग आयोगाने ते गावोगाव नेलं. शेणाला आपण नाक मुरडत नाही. मैल्याच्या गॅसवर चहा टाकायचा म्हटलं की मात्र घरात महाभारत!

आणि मग गोष्ट परत शहरात आली. पुण्याच्या 'आरती' संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी शेणाऐवजी खरकटं आणि पिष्टमय पदार्थ वापरणारा छोटा घरगुती प्लांट तयार केला. त्याला २००६ साली ॲशडेन पुरस्कार मिळाला. लॉजिक साधं आहे : शेण म्हणजे गाईने आधीच पचवलेलं अन्न, त्यात ऊर्जा उरते किती? उरलेल्या भातात ती जवळजवळ सगळी शिल्लक असते.

असो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ओल्या कचऱ्यावरून वाद पेटला आणि कुणी 'हे सगळं परदेशी फॅड आहे' म्हणालं, तर माटुंग्याची गोष्ट जरूर सांगा. फक्त साल १८९७ सांगा. आणि ती टाकी कुणाच्या वस्तीत होती, तेही सांगा.