ताटातुटीचे इंग्रजी शब्द

दोन वस्तु एकमेकींपासून निराळ्या झाल्या, एवढेंच सांगावयाचें असलें तरी इंग्रजी भाषेंत त्यासाठीं कितीतरी शब्द आहेत. कोशकार त्यांना समानार्थी म्हणून एका रांगेंत बसवितात. परंतु इतिहासाच्या दृष्टीनें पाहूं गेल्यास, वेगळें होण्याचा अधिकार कोणाचा, ह्या प्रश्नाचा निकाल त्यांतील कित्येक शब्द मुकाट्यानें देऊन टाकतात, असें आढळून येईल.

ह्या शब्दांचा जुना थर अगदीं घरगुती आहे. ‘क्लीव्ह’ म्हणजे फोडणें. आणि त्याच ‘क्लीव्ह’चा दुसरा अर्थ चिकटून राहणें! प्राचीन इंग्रजींत हीं दोन स्वतंत्र क्रियापदें होतीं. पुढें उच्चार झिजून तीं एकरूप झालीं, आणि १६११ सालच्या इंग्रजी बायबलांत लांकूड फोडणारा व पत्नीशीं जडून राहणारा, अशा दोघांच्याहि वांट्यास एकच क्रियापद आलें. नॉर्मन लोकांनीं १०६६ सालीं इंग्लंड जिंकल्यानंतर राज्यकर्त्यांच्या फ्रेंच भाषेंतून ‘सेव्हर’ आला; त्याच लॅटिन मुळापासून विद्वानांनीं पुढें ‘सेपरेट’ उचलला. मूळ एकच, पण पहिल्यांत घाव ऐकूं येतो आणि दुसऱ्यांत केवळ अंतर दिसतें.

येथवर भाषेची गंमत झाली. शब्द न्यायालयांत शिरला म्हणजे मात्र त्यावर माणसांचे संसार अवलंबून राहतात. ‘डिव्होर्स’च्या मूळ लॅटिन शब्दाचा एक अर्थ वाटा फुटण्याची जागा असा होता. इंग्लंडांतील धर्मन्यायालयें ‘डिव्होर्स’ देत. पण त्यानें नवराबायकोचें ताट आणि अंथरूण तेवढें निराळें होई, पुनर्विवाहाची मोकळीक मिळत नसे. ती हवी असल्यास पार्लमेंटाकडून स्वतंत्र कायदा करून घ्यावा लागे, व तो खर्च श्रीमंतांनाच झेपे. १८५७ च्या कायद्यानें दोन्ही गोष्टींचीं नांवें वेगळीं केलीं. ताट-अंथरूण निराळें करणें तें ‘ज्युडिशियल सेपरेशन’, आणि विवाहबंधन तोडणें तोच ‘डिव्होर्स’. तथापि पतीला पत्नीचा व्यभिचार एवढेंच कारण पुरेसें होई; पत्नीला मात्र त्याच्या जोडीला क्रौर्य किंवा परित्याग यांसारखें आणखी कांहीं सिद्ध करावें लागे. ही विषमता १९२३ सालापर्यंत टिकली.

राष्ट्रांच्या कलहांतहि हाच प्रकार दिसतो. अमेरिकन वसाहतींनीं १७७६ च्या जाहीरनाम्यांत आपल्या कृतीला ‘सेपरेशन’ म्हटलें. इंग्लंडच्या राजानें आदल्याच वर्षीं घोषणा काढून तिला बंड ठरविलें होतें. त्याच अमेरिकेंत २० डिसेंबर १८६० रोजीं दक्षिण कॅरोलिनानें संघराज्यांतून फुटण्याचा ठराव केला. गुलामगिरीचें रक्षण हा हेतु तिनें लपविला नाहीं. परंतु ह्या कृतीला नांव मिळालें तें ‘सिसेशन’, म्हणजे नुसतें बाजूस होणें. लिंकननें ४ जुलै १८६१ च्या संदेशांत नेमकें ह्या शब्दावर बोट ठेविलें आणि बंडाला हा साखरेचा लेप दिला आहे असें बजाविलें. युद्ध संपल्यावर, १८६९ सालीं, तेथील सर्वोच्च न्यायालयानें टेक्सासच्या खटल्यांत असा ठराव मुळांतच शून्यवत् ठरविला.

‘पार्टिशन’ हा शब्द आपल्याकडे कोर्टकचेरीच्या वाटेनें आला. इंग्लंडांत १५३९ च्या कायद्यानें सहमालकाला आपला हिस्सा तोडून मागण्याचा हक्क मिळाला. हिंदुस्थानांत १८९३ सालीं ह्याच नांवाचा कायदा झाला. वांटणी मागणारा स्वतः हिस्सेदार असतो, हें ह्या शब्दांत गृहीतच आहे. म्हणूनच लॉर्ड कर्झननें १९०५ सालीं बंगालचे दोन तुकडे केले, तेव्हां इंग्रजांनीं वापरलेला ‘पार्टिशन’ शब्द न स्वीकारतां आपल्या लोकांनीं ‘वंगभंग’ म्हटलें. कोणीं न मागतां बाहेरच्यानें केलेली ती वांटणी नव्हे, मोडतोड होय, हा सारा युक्तिवाद त्या एका शब्दांत सामावला होता. १९११ सालीं सरकारला तो निर्णय फिरवावा लागला.

१९४७ सालीं तोच इंग्रजी शब्द परत आला. ह्या खेपेस वांटणी मागणारे घरांतलेच होते. पण रेषा आंखण्यास आलेल्या रॅडक्लिफ यांनीं पूर्वीं हिंदुस्थान पाहिलेला नव्हता. ते ८ जुलै रोजीं येथें आले, आणि त्यांचा निवाडा १७ ऑगस्टला प्रसिद्ध झाला. दोन्ही राष्ट्रें तोंवर स्वतंत्र होऊन चुकलीं होतीं, व आपण कोणत्या राष्ट्रांत पडलों हें सीमेवरील कित्येक गांवांना ठाऊक नव्हतें. साध्या शेतवाडीच्या वांटणीच्या दाव्यांत प्रत्येक हिस्सेदाराला नोटीस पोहोंचवावी लागते. ज्यांचीं घरेंदारें ह्या वांटणींत गेलीं, त्यांना तेवढीहि मिळाली नाहीं. फाळणी हा शब्द आज उच्चारतांच कोणाला मोजणी व सरहद्दीचे दगड आठवत नाहींत, पायीं निघालेलीं माणसें आठवतात, तें ह्याचमुळें.