आजोबांच्या मनगटावरचे फेवर ल्यूबा

१९०४ साली बांधलेल्या किंग एडवर्ड हॉलच्या, म्हणजेच आपल्या गांधी हॉलच्या, मनोऱ्यावर घड्याळ आहे. म्हणूनच इंदूरकर त्याला घंटाघर म्हणतात. मनगटावरची घड्याळे मात्र आपल्या घरांत स्वित्झर्लंडहून आली. त्यांत फेवर ल्यूबाचा मान मोठा.

या घराण्याचे मूळ ल लोक्ल गावात. तिथे अब्राहम फावर यांची घड्याळजी म्हणून नोंद १७३७ सालची. पुढे ल्यूबा घराणे जोडले गेले आणि १८६५ पासून कंपनीने हिंदुस्थानात व्यापार मांडला. हे घड्याळ त्यामुळे आपल्याकडे परके राहिले नाही.

या कंपनीचे सोन्याचे क्रोनोग्राफ हे तर खास लेणे. कडेची कळ दाबली की मधला लांब काटा धावू लागतो, पुन्हा दाबली की थांबतो. चालू वेळेला धक्का लागत नाही. शर्यत मोजावी, नाडीचे ठोके मोजावेत.

१९७०च्या दशकात क्वार्ट्झ आले आणि चावीची घड्याळे मागे पडली. २०११ मध्ये हे नाव टाटांच्या टायटनने विकत घेतले. आपल्याकडची जुनी घड्याळे मात्र सराफ्यात तोळ्यांवर मोजली जातात. सोने वितळते, यंत्र भंगारात जाते. १८ कॅरटच्या घड्याळावर बहुधा ०.७५० हा आकडा असतो. त्यावरून सोन्याचा भाव कळेल. पण आतल्या चाकांची किंमत तराजूला कळत नाही. ती आपणच जपायची आहे. कपाट आवरताना असे घड्याळ हाती लागले, तर आधी जाणत्या घड्याळजीला दाखवू या.