वाशीमचा सारा आणि हिंगोलीची छावणी

रिठद हे वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील एक गाव. या भागातून दक्षिणेस गेल्यास थोड्याच अंतरावर हिंगोली जिल्ह्याची हद्द लागते. हद्दीच्या दोन्ही अंगांस भूमी, भाषा व पिके यांत फारसा भेद आढळत नाही. तरीही अलीकडील मुलूख विदर्भात मोडतो व पलीकडील मराठवाड्यात. या विभागणीचे मूळ भूगोलात नसून फौजेच्या पगाराच्या एका जुन्या थकबाकीत आहे. मोहिमेवरील शिपायाचे वेतन कोणी व कोणत्या उत्पन्नातून द्यावे, या प्रश्नाने एका प्रांताचे भवितव्य कसे ठरले, याचे हैदराबाद कंटिंजंटच्या इतिहासाइतके बोलके उदाहरण विरळाच सापडेल.

ही फौज आणि निजामाच्या राज्यातील इंग्रजांची तैनाती फौज या दोन भिन्न गोष्टी होत. तैनाती फौजेच्या खर्चासाठी निजामाने १८०० च्या तहाने बल्लारी-कडप्पाकडील प्रांत कायमचे तोडून दिले होते. त्याच तहात युद्धप्रसंगी ६,००० पायदळ व ९,००० घोडदळ कंपनीच्या मदतीस धाडण्याचे कलम होते. १८०३ च्या युद्धात निजामाचे सैन्य कुचकामाचे ठरले, अशी इंग्रजांची तक्रार होती. पुढे रेसिडेंट हेन्री रसेल याने इंग्रज अंमलदारांच्या हाताखाली कवायती पलटणी उभारल्या. या पलटणींनी १८१७ च्या डिसेंबरात महिदपूरच्या लढाईत भाग घेतला आणि १८१९ च्या आरंभी हटकरांचा नायक नौसाजी याच्या नोव्हा येथील गढीस वेढा घातला. या फौजेची हिंगोली येथील छावणी वाशीम परगण्याच्या शेजारीच होती.

अशा फौजेचा सारा डोलारा नियमित पगारावर उभा होता. तिच्या घोडदळात शिलेदारी पद्धत चाले. घोडा व सरंजाम शिलेदाराचा स्वतःचा असे आणि दाणावैरणीचा खर्चही त्याच्याच वेतनातून भागवावा लागे. त्यामुळे पगार लांबला की कुटुंबाबरोबर घोड्याचीही उपासमार होई, आणि उपाशी घोड्यावर मोहीम करता येत नाही. कंटिंजंटचा पगार थकू नये याबद्दल रेसिडेंट दक्ष असत, त्याचे कारण हेच. राज्याच्या इतर फौजेची स्थिती मात्र निराळी होती. तेथील अरब व रोहिले थकलेल्या वेतनासाठी सरकारी अंमलदारांना अडवून धरीत आणि प्रसंगी मुलूख लुटीत.

परंतु हा नियमितपणा कर्जावर विसंबून होता. कंटिंजंटचा वार्षिक खर्च सुमारे ४० लाख रुपयांपर्यंत जाई. दिवाणगिरीचा कारभार पाहणाऱ्या चंदुलालाने प्रारंभी विल्यम पामर आणि कंपनीच्या पेढीकडून जबर व्याजाने रकमा उचलल्या. १८२३ मध्ये त्या पेढीचे देणे वारण्यासाठी निजामास उत्तर सरकार प्रांतावरील आपल्या वार्षिक पेशकशीचा हक्क एकरकमी मोबदला घेऊन सोडावा लागला. पुढे वऱ्हाडचा वसूल सावकारांकडे लावून देण्याची प्रथा बळावली. १८४१ मध्ये पेस्तनजी या पारशी पेढीस आगाऊ रकमांच्या फेडीपोटी वऱ्हाडातील मोठा वसूल नेमून देण्यात आला आणि १८४५ मध्ये तिला बळाने हुसकावण्यात आले. अशा उलथापालथीत पाटील व रयत यांना या वर्षी एक वसूलदार, तर पुढील वर्षी दुसरा, असे तोंड द्यावे लागे. छावणीतील वेळच्या वेळी होणाऱ्या पगारवाटपाची खरी किंमत गावच्या खळ्यावर मोजली जात होती.

निजामाच्या खजिन्यातून रक्कम न आल्यास कंपनीचा खजिना पगार भागवी व ती रक्कम निजामाच्या नावे कर्ज म्हणून मांडी. शांततेच्या काळात अशी फौज पोसण्याचे बंधन १८०० च्या तहात नव्हते. ही गोष्ट खुद्द डलहौसीनेही मान्य केली होती. परंतु कर्जाची मागणी काही थांबली नाही. १८५३ पर्यंत बाकी सुमारे ४५ लाखांवर गेली आणि त्या वर्षी २१ मे रोजी झालेल्या तहाने वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब हे सुमारे ५० लाखांच्या उत्पन्नाचे प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. त्यातून किमान ५,००० पायदळ, २,००० घोडदळ व चार तोफखाने यांचा खर्च, कर्जावरील व्याज आणि काही मराठी पेन्शने भागवून शिल्लक निजामास द्यावी, असे ठरले. स्वामित्व निजामाचे, वसूल इंग्रजांच्या हाती व वेतन शिपायाचे, अशी ही विलक्षण व्यवस्था होती.

प्रारंभी दक्षिण वऱ्हाड जिल्ह्याचे मुख्य ठाणे हिंगोली हेच होते. १८६० च्या तहाने धाराशिव व रायचूर दुआब निजामास परत मिळाले आणि ५० लाखांचे कर्ज माफ झाले. हिंगोलीकडील भागही निजामाकडे गेला. वाशीम मात्र वऱ्हाडात राहिले. हीच ती हद्द. यापुढे छावणी निजामाच्या मुलखात व तिच्या पगाराचा आधार असलेला सारा इंग्रजी अंमलातील वाशीमकडे, असा देखावा सुमारे चाळीस वर्षे राहिला. १८६१ पासून मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी सुरू झाल्याने वसुलास निश्चिती आली, हे मान्य केले पाहिजे. कापसाच्या तेजीने उत्पन्नही वाढले. परंतु कारभाराचा खर्च वाढल्याने शिल्लक अल्प राही, अशी सालारजंगाची तक्रार होती. फौजेच्या खर्चासाठी भांडवल ठेवून प्रांत सोडवण्याचा त्याचा प्रयत्नही फळास आला नाही.

१९०२ च्या कराराने वऱ्हाड सालीना २५ लाख रुपये खंडाने कायमचे इंग्रजांकडे गेले आणि १९०३ मध्ये कंटिंजंट हिंदी सैन्यात विलीन झाली. म्हणजे ज्या फौजेच्या पगारासाठी प्रांत घेतला ती फौज वेगळी उरली नाही. प्रांत मात्र परत मिळाला नाही. तिच्या काही पलटणी १९२२ मध्ये हैदराबाद रेजिमेंटमध्ये समाविष्ट झाल्या व १९४५ मध्ये त्या रेजिमेंटला कुमाऊं हे नाव मिळाले.

शिपायास वेळेवर वेतन देणे हे राज्याचे आद्य कर्तव्य होय, याविषयी दुमत नाही. परंतु त्या वेतनाचा भार कोणावर पडावा, हे ठरवण्यात रिठदसारख्या गावांच्या रयतेस कोणताही अधिकार नव्हता. आज सैन्याचा पगार व मोहिमेवरील भत्ते संसदेने मंजूर केलेल्या खर्चातून दिले जातात आणि माजी सैनिक व सैनिकांची कुटुंबे यांच्या साहाय्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये आहेत. सारा भरणारा व पगार घेणारा हे दोघेही आता एकाच राज्याचे नागरिक आहेत, आणि खर्चास मंजुरी देणारी सभा दोघांच्याही मतांतून निवडली जाते. १८५३ च्या व्यवस्थेत नेमका याच गोष्टीचा अभाव होता.