शून्य भेटींचा इतिहास

'गेल्या वर्षभरात आपण किती वेळा डॉक्टरांकडे गेलात?' आरोग्यविषयक पाहण्यांत हा प्रश्न हमखास असतो. उत्तर एका आकड्यात मिळते आणि कितीतरी स्त्रियांच्या बाबतीत तो आकडा शून्य असतो. या शून्याचा अर्थ कसा लावायचा? संहितेतील मौनाकडेही लक्ष देणाऱ्या साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रश्न परका वाटू नये. संख्याशास्त्राला मात्र तिथवर पोहोचायला दीडशे वर्षे लागली.

क्वचित घडणारी घटना ठरावीक काळात किती वेळा घडेल, याचे सूत्र फ्रेंच गणिती पॉयसाँ यांच्या १८३७ च्या ग्रंथात आले. १८९८ मध्ये बोर्टकीविच यांनी प्रशियाच्या सैन्यात घोड्याच्या लाथेने झालेल्या मृत्यूंना ते लावून दाखवले. सूत्रामागचे गृहीत असे की, धोका सर्वांना सारखाच असतो. फरक पडतो तो केवळ योगायोगाने.

हे गृहीत किती तोकडे आहे, ते स्त्रियांच्याच एका मोजणीने दाखवून दिले. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये तोफगोळ्यांच्या कामावर असलेल्या ६४७ स्त्रियांना पाच आठवड्यांत किती अपघात झाले, याचा अभ्यास ग्रीनवुड आणि यूल यांनी १९२० साली प्रसिद्ध केला. सूत्रानुसार सुमारे ४०६ जणी अपघातातून पूर्णपणे वाचायला हव्या होत्या. प्रत्यक्षात वाचल्या ४४७. तीन वा अधिक अपघात सुमारे आठ जणींना व्हायला हवे होते. झाले २६ जणींना. म्हणजे धोका प्रत्येकीगणिक वेगळा होता. सरासरीच्या आड माणसामाणसांतला फरक दडलेला असतो, याची ही गणिती कबुलीच होती.

डॉक्टरांकडील भेटींचा विचार करताना आणखी एक पेच पुढे आला. पहिल्यांदा दवाखान्यात जायचे की नाही, हे रुग्ण ठरवतो. पुन्हा केव्हा यायचे, हे पुष्कळदा डॉक्टर सांगतात. १९८६ मध्ये जॉन मुलाही यांनी शून्य आणि एक यांच्यामधला उंबरठा वेगळा मोजणारे प्रतिमान मांडले. १९९५ साली जर्मनीतील भेटींच्या अभ्यासात पोलमायर आणि उलरिख यांनी तीच दिशा धरली. शून्यालाही स्वतःचे कारण असते, हे आता मान्य झाले. पण ते कारण कोणते? गरज नव्हती म्हणून गेली नाही, की जाता आले नाही म्हणून?

आपल्याकडे हा उंबरठा संख्याशास्त्राच्या कितीतरी आधी एका स्त्रीने ओळखला होता. १८८३ साली अमेरिकेस निघण्यापूर्वी आनंदीबाई जोशी यांनी सेरामपूर येथील भाषणात हिंदुस्थानाला स्त्री डॉक्टरांची निकड असल्याचे सांगितले. पुरुष डॉक्टरांपुढे आपले दुखणे उघड करण्याचा संकोच त्यांना ठाऊक होता.

त्यानंतर शंभर वर्षांनीही तो उंबरठा झिजलेला नव्हता. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग होते. त्यापूर्वी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या होत्या अवघ्या आठ टक्के. केवळ दवाखान्याच्या नोंदवहीवरून पाहिले असते, तर या गावांतील बहुतेक स्त्रिया निरोगीच ठरल्या असत्या.

इथे प्रतिमानाची मर्यादा स्पष्ट होते. भेटींचे आकडे कितीही कौशल्याने जुळवले, तरी न आलेल्या स्त्रीचे दुखणे त्यांत उमटत नाही. त्यासाठी कुणालातरी तिच्या दारापर्यंत जावे लागते. मगच शून्य वाचता येते.