आझाद गोमंतक दल : शेजारच्या दादरा-नगर हवेलीतला सशस्त्र लढा आणि उधव्याची शरणागती

पालघर : तलासरी तालुक्यातलं उधवा हे गाव आज सिल्वासा, खानवेलला जाणाऱ्यांना रस्त्यावरचं गाव म्हणून माहीत आहे. पण ११ ऑगस्ट १९५४ रोजी नगर हवेलीचा पोर्तुगीज अधिकारी कॅप्टन फिदाल्गो आपल्या शिपायांसह याच उधव्यात भारतीय पोलिसांना शरण आला. दरवर्षी २ ऑगस्टला सिल्वाशात मुक्तिदिन साजरा होतो, त्या लढ्याचा शेवट असा आपल्या तालुक्यात झाला.

पोर्तुगीज इथे आले कसे?
तारापूर, डहाणू, वसई हा आपला सगळा किनारा एके काळी पोर्तुगीजांकडेच होता. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत तो मराठ्यांनी घेतला. पुढे पेशव्यांनी पोर्तुगीजांशी मैत्रीचा तह केला. मराठ्यांकडून पोर्तुगीज जहाजाचं नुकसान झालं होतं, त्याची भरपाई म्हणून १७८३ मध्ये नगर हवेली परगणा त्यांना मिळाला. १७८५ मध्ये त्यांनी दादराही घेतलं. देश १९४७ ला स्वतंत्र झाला, तरी हा तुकडा पोर्तुगालकडेच राहिला.

दलाची स्थापना
१८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया यांनी मडगावात सभाबंदी मोडली. त्यानंतर गोव्यात सत्याग्रह सुरू झाले आणि धरपकडही. नुसत्या सत्याग्रहाने पोर्तुगीज हलणार नाहीत, असं काही तरुणांचं मत झालं. विश्वनाथ लवंदे, नारायण नाईक, दत्तात्रय देशपांडे, प्रभाकर सिनारी यांनी १९४७ च्या सुमारास आझाद गोमंतक दल उभं केलं. पोलीस चौक्या आणि नाक्यांवर छापे घालायचे, शस्त्रं हिसकावून घ्यायची, ही त्यांची पद्धत. किंमतही तशीच मोजावी लागली. दलाचे अस्नोड्याचे कार्यकर्ते बाळा राया मापारी यांचा फेब्रुवारी १९५५ मध्ये कोठडीतल्या छळाने मृत्यू झाला.

१९५४ चा पावसाळा
नगर हवेलीला समुद्र नाही. दमणहून कुमक आणायची तर मधे भारताची हद्द. भारत सरकारने ती वाट बंद केली आणि आतले पोर्तुगीज पोलीस एकटे पडले. हीच संधी होती.

- २२ जुलै : युनायटेड फ्रंट ऑफ गोअन्सच्या फ्रान्सिस मास्कारेन्हस व साथीदारांनी दादरा घेतलं. चकमकीत फौजदार अनिसेतो रोझारियो मारला गेला.
- २८ जुलैच्या रात्री : आझाद गोमंतक दल व राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या स्वयंसेवकांनी भर पावसात नरोलीची चौकी घेतली.
- २ ऑगस्ट : सिल्वासा मुक्त झालं. फिदाल्गो त्याआधीच खानवेलच्या बाजूला निघून गेला होता.

स्वयंसेवकांत गायक-संगीतकार सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे होते. मोहिमेच्या निधीसाठी लता मंगेशकर यांनी पुण्यात कार्यक्रम केला होता.

वारल्यांचा वाटा
हा लढा सांगताना बाहेरून आलेल्यांचीच नावं जास्त घेतली जातात. पण हवेलीतली वस्ती प्रामुख्याने वारली, कोकणा, धोडिया अशा आदिवासींची. मे १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरी गावात गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या पुढाकाराने वारल्यांची परिषद झाली होती आणि वेठबिगारी मोडायला सुरुवात झाली होती. हद्दीपलीकडचे वारली यांचेच सोयरे. १९५४ मध्ये किसान सभेचे नारायण पालेकर, रूपजी कडू यांच्यासोबत आदिवासी तीरकमठे घेऊन उतरले. जंगलातली वाट न् वाट त्यांना ठाऊक होती. पुढे वाट नाही, मागे कुमक नाही, अशा स्थितीत फिदाल्गोला उधव्यात शरण यावं लागलं.

पुढे काय झालं?
पोर्तुगाल हेग इथल्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने म्हटलं, की पोर्तुगालला नागरिक आणि मालासाठी वाट मिळण्याचा हक्क होता, पण सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळ्यासाठी नाही. पावसाळ्यात वाट अडली तोच मुद्दा तिथे निर्णायक ठरला.

सात वर्षं कारभार वरिष्ठ पंचायतीने पाहिला. ऑगस्ट १९६१ मध्ये विलीनीकरणाच्या करारावर सही करता यावी म्हणून सनदी अधिकारी के. जी. बदलानी यांना एका दिवसापुरतं तिथलं पंतप्रधान केलं होतं. त्याच वर्षी १९ डिसेंबरला गोवाही मुक्त झाला.

मात्र झेंडा बदलला म्हणून जमीन लगेच मिळाली नाही. पोर्तुगीज काळातल्या 'अल्वारा' पद्धतीने जमिनी मोजक्या लोकांच्या हातात होत्या. त्या मोडायला १९७१ चा जमीन सुधारणा कायदा यावा लागला. दादऱ्यावर झेंडा लागून तोवर सतरा वर्षं झाली होती. कसणाऱ्या वारल्यासाठी खरी मुक्ती सातबाऱ्यावर नाव लागेल त्या दिवशीच होती. हद्दीच्या अलीकडे, आपल्या तालुक्यांत, वनपट्ट्यांसाठी निघणाऱ्या मोर्चांची मागणी आजही तीच आहे.